कानात कापूस घातलेले शब्बीरभाई

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं हातात खडू आला तो तारेच्या फेऱ्यांच्या रेघा मारायला, आणि पेन तर सहीपुरतंच. तेव्हा ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर त्यानं चुका पोटात घालाव्यात आणि जमलं तर वाचून परत ठेवावी.

लिहायचं कारण सुनीता. माझ्या या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. शब्बीरभाईंना तिनं पुष्कळ बघितलं, त्यांच्याशी हातानं भांडलीसुद्धा, पण त्यांचं बोलणं तिला माहीत नाही. आणि शब्बीरभाई म्हणजे निम्म्याहून जास्त बोलणंच होतं. ते सगळं मला हातानं सांगता येत नाही. आता ती चांगलं वाचते, म्हणून लिहून बघते.

परतूरला स्टेशनकडून मोंढ्याकडं जाताना डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर एवढंच लिहिलेलं, 'रेडिओ'. मागाहून टेप आले, टीव्ही आले, कूलर आले, पण पाटी बदलली नाही. भाई उंच आणि पाठीत वाकलेले, दाढी मेंदीनं लाल. एक चष्मा डोळ्यावर, दुसरा कपाळावर, आणि दिवसातून दहा वेळा विचारायचे, "माझा तिसरा चष्मा कुणी बघितला का?" तिसरा चष्मा नव्हताच. विनोद सांगायच्या आधी ते स्वतः हसून घ्यायचे, त्यामुळं विनोद संपेपर्यंत गिऱ्हाईक त्यांच्या हसण्यालाच हसत असायचं.

मी तिथं कामाला गेले तेव्हा नवीन लग्न झालेलं. माझे मालक मोंढ्यात हमाल होते. त्यांनी सांगितलं, रेडिओवाल्याला तार गुंडाळायला बाई पाहिजे. ट्रान्सफॉर्मरच्या रिळावर बारीक तांब्याची तार गुंडाळायची, फेरे मोजून. हातानं फिरवायचं यंत्र होतं, पण त्याचा आकडा दाखवणारा काटा बंद पडला होता. सगळ्या तालुक्याची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या यंत्राकडं बघायला सवड नव्हती.

भाई म्हणाले, "बाराशे फेरे. एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई."

मी बसले. आणि हे लागले बोलायला. "सरूताई, तुमचं माहेर कोणतं? किती भाऊ? आज भाजी काय केल्ती? मिरची जास्ती झाली का?" मला मुळात परक्या माणसाशी बोलायला येत नाही. त्यातून फेरे चुकले तर काम जाणार. मी मान खाली घालून यंत्र फिरवत राहिले, शंभर झाले की पाटीवर रेघ मारायची. बारा रेघा झाल्या तशी रीळ त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती सगळी उलगडून मोजली. मग घराकडं तोंड करून आरोळी दिली, "नसरीनची अम्मी! बाहेर ये! एक माणूस सापडलं, जे मी बोलत असताना काम करू शकतंय!"

तेव्हापासून मी तिथंच.

भाई कुठल्या यंत्राला बिघडलंय म्हणायचे नाहीत. "रुसलंय," म्हणायचे. रेडिओ दुरुस्त झाला की त्याला कान लावायचे आणि डोळे मिटायचे. दहा मिनिटं तसेच. गिऱ्हाईकाला वाटायचं म्हातारा झोपला. मग एकदम डोळे उघडून, "आता मानलाय, घेऊन जा." बदललेला जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. लोक म्हणायचे, जळालेलं काय करू? तर म्हणायचे, "तुमचा माल आहे. जाळायचा असला तर पुन्यांदा तुम्हीच जाळा."

आणि त्यांचा एक हट्ट होता. जे उघडून बघता येत नाही ते घ्यायचं नाही. पुतणीच्या लग्नात कुणीतरी मिक्सर आहेर दिला, तर भाईंनी तो मांडवातच खोलला. एकीकडं जेवणं चाललेली आणि हे सतरंजीवर मिक्सरचे स्क्रू वाटीत ठेवतायत. नवऱ्या मुलाचा बाप चिडला. भाई म्हणाले, "तुम्ही मुलगी घ्यायच्या आधी चार वेळा येऊन बघितली का न्हाई? मी मिक्सर एकदाच बघून राह्यलो."

एकदा कापसाच्या एका व्यापाऱ्यानं महागडं स्टॅबिलायझर आणलं. भरपूर जड, चहूबाजूंनी शिसं ओतून बंद केलेलं. म्हणाला, "भाई, खोलायचं न्हाई हां, गॅरंटी जाईल. नुसतं बाहेरून बघा." भाईंनी बाहेरूनच हलवून बघितलं, कान लावला आणि म्हणाले, "सेठ, ह्याच्यात खडखड आवाज येतोय. लोखंड असं वाजत न्हाई." व्यापारी घाबरला. शेवटी हो-ना करत उघडलं. आत एक विटेचा तुकडा, थोडी वाळू आणि लाल दिव्याला जोडलेली दोन बोटं तार. व्यापाऱ्यानं कपाळावर हात मारला. भाईंनी ती वीट स्वच्छ पुसली, पुडीत बांधली आणि हातात दिली. "तुमचा माल."

असं दहा-बारा वर्षं चाललं. मधे मला दोन मुलं झाली, त्यातली धाकटी सुनीता. तिला ऐकू येत नाही हे कळायलाच आम्हाला दोन वर्षं लागली. ती माझ्यासोबत दुकानात येऊन बसायची. आमची दोघींची हाताची भाषा आपोआप तयार झाली होती. हनुवटीखाली चिमटा म्हणजे शेळी. कपाळावर पदर म्हणजे आजी. शब्बीरभाईंना तिनं नाव दिलं ते तळहातावर स्क्रू पिळल्याची खूण. भाईंना ते फार आवडलं. पोस्टमननं हाक मारली तरी ते म्हणायचे, "असं न्हाई, बराबर नाव घे," आणि तळहात पुढं करायचे.

नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला औरंगाबादला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. तिथंच राहायचं. परतूरमधे तिला शिकवणारं कुणीच नव्हतं. गेली त्या दिवसापासून पोरीनं जेवण सोडलं. ताटापुढं बसायची आणि दाराकडं बघायची. गणपती झाल्यावर वसतिगृहाच्या मॅडमचं पत्र आलं. रुळत नाही. दिवाळीला घेऊन जा, आणि अशीच राहिली तर परत आणू नका, जागेसाठी दुसऱ्या मुली थांबल्यात.

घरी सगळे म्हणाले, आणून टाक. मला माहीत होतं, आणली की तिचं शिकणं संपलं. मग शेळ्या आणि चूल. शेजारच्या टेलिफोन बूथवर बाया रांगेत उभ्या असायच्या. पोरांशी बोलायच्या, रडायच्या, हसायच्या, पैसे देऊन जायच्या. मला त्या काचेच्या खोलीचा काय उपयोग? तिला पत्रही वाचता येत नव्हतं. दर आठवड्याला गाडीनं जायचं तर मजुरी बुडणार आणि भाडं वेगळं.

मी काही बोलले नव्हते. पण त्या दिवशी माझे फेरे चुकले. भाईंनी रीळ उलगडली आणि म्हणाले, "अकराशे चौऱ्याण्णव. सरूताई, काय झालं?"

मी पत्र पुढं केलं.

त्यांची नसरीन तेव्हा जालन्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आली होती. दुकानात एक कॉम्प्युटर होता, भाईंनी जुन्या भागांचा जोडलेला, झाकण कायम काढलेला. नसरीन म्हणाली, "अब्बा, टेलिफोनच्या तारेवरून आता चित्रपण जातं. दोन्हीकडं कॅमेरा लावला तर मावशी अन् सुनीता एकमेकीला बघतील."

आधी औरंगाबादहून एक टायवाला माणूस आला. चित्र पाठवायचा प्रोग्राम विकायला, चकचकीत डब्यात सीडी. भाईंनी ती उजेडात धरून फिरवली.

"ह्याचं झाकण कुठून उघडतं?"

"उघडत नाही काका. आतलं गुप्त असतं."

"मंग रुसलं तर?"

"कंपनीला फोन करायचा."

"आणि फोनच रुसला तर?"

तो माणूस चहा न घेताच गेला.

नसरीननं तेव्हा सांगितलं की असेही प्रोग्राम आहेत ज्यांचं आतलं सगळं उघडं असतं. कुणीही वाचावं, बदलावं, पैसे नाहीत. ती त्यांना लायब्ररी म्हणत होती. लायब्ररी म्हणजे काय, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, शिंप्याकडं कॉलर आणि बाह्या आधीच शिवून ठेवलेल्या असल्या तर? आपण फक्त आपल्या मापाचा सदरा जोडायचा. चित्र उचलायचं, आवाज उचलायचा, बारीक करून तारेतून पाठवायचं आणि पलीकडं परत उलगडायचं, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलंय. त्याला लायब्ररी म्हणायचं. अशा तीन सापडल्यात. एक निवडायची."

भाईंचा चेहरा असा खुलला की दोन्ही चष्मे हलले. "उघडी? पूर्ण उघडी? आणि बनवणारे शाने लोक हाईत? बिलकुल आपलीच जात!"

त्यांनी तिघींना नावं पाडली. पहिली पैलवान. तिला सगळं येत होतं, एकदम दहा जणांना बोलायला लावायची, पण आमचा जुना कॉम्प्युटर तिच्या वजनानं धापा टाकायचा. दुसरी गवई. तिची सगळीकडं तारीफ. तिसरी हडकुळी. कुठंतरी परदेशात तीनच माणसं ती बनवत होती. कशी वापरायची हेसुद्धा धड लिहिलेलं नव्हतं.

परीक्षा अशी. एक कॉम्प्युटर दुकानात, दुसरा मागच्या गल्लीत घरी. मी दुकानात बसून एक ते शंभर म्हणायचं. भाई घरी कानाला यंत्र लावून, डोळे मिटून ऐकणार. पैलवान पंचविसालाच गार पडली. हडकुळीत माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आणि गवई! भाई घरून पळत आले, पायात एकच चप्पल. "सरूताई, तुमचा श्वास ऐकू आला! त्र्याहत्तरला तुम्ही आवंढा गिळला, तो ऐकू आला!"

नसरीन म्हणाली, "अब्बा, हडकुळीचं आतलं काम छोटं आहे. मला सगळं वाचता आलं. बदलता येईल."

"वाचता येऊन काय करू बेटा? गवईला लाथाडू नको."

ठरलं. आणखी एक कॉम्प्युटर भाईंनी जुन्या भागांतून जोडून शाळेला दिला. कॅमेरे आणि मोडेम मात्र नवीन घ्यावे लागले, अठराशे रुपये. भाई म्हणाले, सुनीताला माझी भेट. मी नाही म्हणाले. आयुष्यात मी फार कमी वेळा नाही म्हणाले असेन. म्हटलं, महिन्याला पन्नास कापा, नाहीतर नको. ते म्हणाले, "बराबर. पन्नास."

पहिला रविवार उजाडला. दुकानात पाच-सहा माणसं जमली, बूथवालाही आला. मी लाजेनं पदर ओढून बसले. पडद्यावर सुनीताचा चेहरा आला. शेजारी मॅडम. "हॅलो, आवाज येतोय का?" मॅडम खोलीतच उभ्या असल्यासारख्या वाटल्या.

भाईंनी टाळ्या पिटल्या. "घंटी! एकदम घंटी! काय आवाज आहे!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

सुनीतानं हात वर केला आणि चित्र थांबलं. हात तसाच हवेत. मग एकदम खाली. मधे ती काय म्हणाली ते दिसलंच नाही. परत हात उचलला, परत थांबला. मी इकडून विचारलं, जेवलीस का? तिला माझा अर्धाच हात दिसला असणार. ती कॅमेऱ्याच्या जवळ आली, मागं गेली आणि शेवटी रडायला लागली. तिचं रडणं इतकं स्वच्छ ऐकू येत होतं.

टाळ्या थांबल्या. नसरीन हळूच म्हणाली, "अब्बा, गवई अशीच बनवलेली आहे. तार बारीक झाली की ती चित्र सोडते आणि आवाज वाचवते."

लोक निघून गेल्यावर भाई म्हणाले, "सरूताई, सगळी जिंदगी मी कानानं दुकान चालवलं. आज डोळ्याचं गिऱ्हाईक आल्तं, अन् मी त्याला कानानंच मोजलं. माफ करा."

दुसऱ्या दिवशी गेले तर भाईंच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मोंढ्यातला, सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस. कानातून बाहेर आलेला, दाढीवर भुरभुरणारा. चार दिवस त्यांनी तो काढला नाही. गिऱ्हाईक ओरडायचं, "भाई, पंखा आवाज करतोय!" भाई हातानंच सांगायचे, करून दाखव. मग तो बिचारा शेतकरी रस्त्यात उभा राहून गरगर हात फिरवायचा आणि तोंडानं खडखड करायचा. बघायला गर्दी जमायची. बूथवाला म्हणायचा, "म्हाताऱ्याला काय झालं?" नसरीन म्हणायची, "शिकून राह्यलेत."

नवीन परीक्षा अशी. मी दुकानात बसून हातानं गोष्ट सांगायची. घरी भाईंनी फक्त बघायचं आणि काय कळलं ते कागदावर लिहायचं. मी सांगितलं, शेळीनं आजीची वाळत घातलेली साडी खाल्ली. गवईवर भाईंनी लिहिलं, शेळीनं आजी खाल्ली. पैलवानावर लिहिलं, आजीनं शेळी खाल्ली, पुढं अंधार. हडकुळीवर लिहिलं, शेळीनं आजीचं काहीतरी खाल्लं, बहुतेक कपडा.

भाईंनी तो कागद झेंड्यासारखा हलवत आणला.

मग नसरीन हडकुळीच्या आत शिरली. तिनं आवाजाची वाटच बंद केली आणि ती सगळी जागा चित्राला दिली. रंग काढून टाकले. चित्र लहान करून आगपेटीएवढं केलं, पण हात न थांबता हलायला लागला. भाई मागं उभे राहून एकेक गोष्ट शोधायचे. "पंखा बंद! मागं पंखा फिरतो, त्यो तारेतली जागा खातो." ऑक्टोबरचा उन्हाळा, पत्र्याचं दुकान आणि पंखा बंद. मग माझ्या साडीकडं बघितलं. "सरूताई, ही फुलं बी खाऊन राह्यलीत. साधी साडी नेसा. एकरंगी." माझ्याकडं एकच एकरंगी होती, माहेरची निळी. ती रविवारची साडी झाली. मागं त्यांनी घोंगडी टांगली. मला लाज वाटू नये म्हणून पुढं चादर लावली आणि लोकांना बाहेर काढलं. स्वतः तेवढे राहिले, कानात कापूस घालून, कॉम्प्युटरच्या पाठीमागं, जिथून त्यांना पडदा दिसत नव्हता.

नसरीन औरंगाबादला जाऊन शाळेतल्या कॉम्प्युटरवरही हडकुळी बसवून आली. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. सुनीता दिसली. आगपेटीतली सुनीता, काळी-पांढरी. तिनं आधी हात उचललेच नाहीत. मी तिला विचारलं, जेवलीस? तिचे डोळे माझ्या हाताबरोबर हलले. मग तिचे दोन्ही हात सुटले. हनुवटीखाली चिमटा, मग पोट, मग दोन बोटं.

कॉम्प्युटरमागून भाई, "काय म्हणली? काय म्हणली?"

मी हळू सांगितलं. त्यांना कुठं ऐकू येतंय! "काय? जोरात सांगा!"

आणि मी, जिचा आवाज त्या दुकानात कुणी धड ऐकला नव्हता, बेंबीच्या देठापासून ओरडले, "शेळी व्याली का, दोन झाले का, इचारून राह्यली!"

बाहेर रस्त्यावर माणसं थांबली. बूथमधल्या बाईनं फोन खाली ठेवला. भाई एवढे हसले की कापूस कानातून गळून पडला. मी सुनीताला सांगितलं, हो, दोन, एक पांढरं, एक काळ्या तोंडाचं. ती जागच्या जागी उड्या मारायला लागली आणि आगपेटीच्या बाहेर गेली.

दिवाळीला ती आली आणि दिवाळीनंतर आपल्या पायांनी परत गेली. मॅडमनं कळवलं, रविवारची वाट बघते, पण ताटावर बसून बघते. हळूहळू अंबडकडचं एक जोडपं यायला लागलं, जालन्याची एक आई आली. रविवारी दुकान बंद आणि आत घोंगडीपुढं हातवारे. भाई सगळ्यांच्या साड्या तपासायचे.

नसरीननं केलेला बदल तिनं त्या परदेशातल्या तिघांना पाठवून दिला, म्हणजे दुसऱ्या कुणाला लागला तर घेता येईल. बूथवाला म्हणाला, "भाई, येडे झालात का? विकायचं ना!" भाई म्हणाले, "त्यांनी झाकण उघडं ठेवलं म्हणून माझी पोरगी आत गेली. आता मी लावून घेऊ व्हय?" महिन्याभरानं तिकडून उत्तर आलं. आभार मानले होते आणि विचारलं होतं, हे किती लोक वापरतात? भाईंनी नसरीनला लिहायला सांगितलं, "सध्या सात. पण सातही लई बोलतात."

तीन वर्षं अशी गेली. नसरीनला हैदराबादला नोकरी लागली. भाईंचे डोळे कमी झाले होते. ती म्हणाली, दुकान बंद करा आणि चला. भाईंनी आठवडाभर दुकानातला एकेक पेटारा उघडून ज्याचं त्याला परत केलं. नसरीननं शाळेतल्या एका सरांना सगळं शिकवून ठेवलं होतं, दुकानातला कॉम्प्युटर फोनसकट माझ्या घरी आला, त्यामुळं रविवार चालू राहिला.

निघायच्या दिवशी सुनीता सुट्टीला घरी होती. आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. शेवटचे पन्नास राहिले होते. माझ्याकडं चाळीसच जमले होते. उरलेले दहा सुनीतानं तिच्या डब्यातून काढले, सगळी नाणी. मला वाटलं, आता तरी ते नको म्हणतील.

भाईंनी पेटीवर रुमाल पसरला. नोटा एका बाजूला, नाणी एका बाजूला. गाडी फलाटावर येत होती.

"अब्बा, गाडी!" नसरीन.

"आली तर येऊ दे. मोजू दे."

एकेक नाणं त्यांनी डोळ्याजवळ धरून मोजलं. सुनीता त्यांच्या बोटांकडं बघत होती आणि ओठांनी त्यांच्याबरोबर मोजत होती. पन्नास झाले. त्यांनी रुमालाची गाठ मारली, खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. मग आम्हा दोघींसमोर ताठ उभे राहिले, वाकलेली पाठ जेवढी सरळ होईल तेवढी, आणि दोन्ही तळहात मोकळे करून सुनीताला दाखवले. काही राहिलं नाही. मलाही तसेच दाखवले.

गाडी हलली तेव्हा ते दारात उभे होते आणि हातानं काहीतरी सांगत होते. माझे डोळे भरले होते, मला दिसलं नाही. मी सुनीताला विचारलं, काय म्हणाले?

तिनं सांगितलं, अठराशे पोचले म्हणाले, पूर्ण.